20 गुंठ्यांत नुसता दुधी नको

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 20 गुंठे रान, विहिरीला मार्चपर्यंत पाणी, राबायला तुम्ही, वहिनी आणि आई. सगळ्या रानात दुधी टाकावा का, आणि मागच्या खेपेला फुलं लागून गळाली ती कशानं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही पुरंदरात 14 वर्षं वेलभाज्या करतोय, त्यावरून सांगते: सगळं रान एकाच वेलाखाली घालू नका.

कारण तोडणी. दुधी एकदा लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडावाच लागतो. कोवळ्या दुधीच्या अंगावर बारीक लव असते, अंगठ्याचं नख सहज रुततं. लव गेली, साल चकाकायला लागली की आत बी धरलं म्हणून समजा. तो माल बाजारात कोणी विचारत नाही, आणि जून फळ वेलावर राहिलं की पुढची फळधारणाही मंदावते. आमच्या पहिल्याच वर्षी सासरे दवाखान्यात होते, दोन तोडे चुकले, आणि गाडीभर दुधी गोठ्यात टाकावा लागला. तेव्हापासून रान किती आहे हे मी आधी बघत नाही. तोडायला पहाटे किती जण उभे राहतील, ते आधी मोजते.

तुमच्या जागी मी 8 गुंठे कारलं करीन. दुधी 5 गुंठे, तोही 20 दिवसांच्या अंतरानं दोन टप्प्यांत, म्हणजे एका दिवशी माल अंगावर येत नाही. उरलेल्यात लाल भोपळा. त्याला मांडव लागत नाही, वेल भुईवर पसरतो, आणि पिकलेला भोपळा देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला की महिनोन् महिने टिकतो. भाव पडला तर थांबता येतं. दुधी-कारल्यात ही सोय नाही.

कारल्याचं गणित आम्ही पंचांगावर बसवलंय. बी टोकल्यापासून 55-60 दिवसांत पहिला तोडा येतो. आषाढी एकादशीच्या सुमारास टोकलं तर माल बरोबर पितृपक्षाच्या तोंडावर निघतो. तेव्हा श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी कारलं, गवार, भेंडी, लाल भोपळा, सगळ्यालाच मागणी असते. अधिक श्रावण किंवा अधिक भाद्रपद असेल त्या वर्षी पितृपक्ष महिनाभर पुढे जातो, मग टोकणीही तेवढी पुढे न्या.

आता फुलं. पहिले काही दिवस वेलाला नरफुलंच येतात आणि ती गळणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दुधी दिसतो. तो पिवळा पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटायला लागतं, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाशीची आणि त्याची गाठच पडत नाही. आई रोज संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान मांडवात फिरू शकल्या तर उत्तम. ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एका नरफुलात दोन-तीन माद्या होतात. माझ्या सासूबाई हे काम चिमटीनं इतकं अलगद करायच्या की पाकळीला सुरकुती पडायची नाही. कारल्याचं उलटं आहे. त्याचं फूल पहाटे उमलतं आणि मधमाशी काम करते, म्हणून कारल्यावर फवारणी नेहमी दुपार टळल्यावर करा.

आणि भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी, आली म्हणून गंधक मारू नका, वेलवर्गाची पानं करपतात.

सगळ्यात जास्त नुकसान फळमाशीचं. कोवळ्या फळावर सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्यातून डिंकासारखा थेंब दिसला की आत अंडी घातलीच. असं फळ वाकडं होतं, सडतं. ते बांधावर फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर अळी मातीत कोष करून पुन्हा माशी होऊन वर येते. सापळे फुलं दिसायच्या आधीच लावा. सापळ्यात माशीला ओढून आणणारी गोळी ठेवतात, ती क्यू ल्यूरचीच मागा. मिथाईल युजेनॉलची गोळी आंबा-पेरूच्या माशीसाठी असते. आम्हाला एकदा दुकानातून तीच मिळाली आणि महिनाभर सापळे रिकामे राहिले.

विक्रीत एकाच दारावर अवलंबून राहू नका. आम्ही एकसारखा, सरळ माल क्रेटमध्ये भरून पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला पाठवतो, आणि वाकडा पण कोवळा माल मी स्वतः आठवडी बाजारात बसून विकते. कारलं क्रेटमध्ये दाबून भरलं की काटे मोडून काळे पडतात. खाली-वर कागद घाला आणि तोडा ऊन चढायच्या आत उरका. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, घरी आल्यावर नीट वाचा. 2016 पासून फळं-भाज्यांवरची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. आमच्या पट्टीत ती दोन वर्षं वेगळ्या नावानं कापली जात होती. विचारलं तेव्हा थांबली.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. घरचं बी धरणार असाल तर जवळपास कडू भोपळा नाही ना, ते बघा. मंगळवेढा-पंढरपूर भागात मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी जे भोपळे होतात, ते आणि आपला दुधी एकाच जातीचे. संकर झाला तर यंदाचं फळ गोडच लागेल, पण त्याच्या बियांचा वेल पुढच्या वर्षी कडू फळ देऊ शकतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. म्हणून प्रत्येक नवीन वेलाच्या पहिल्या फळाची देठाकडची चकती मी जिभेला लावून बघते. कडू लागली की थुंकून चूळ भरते आणि तो वेल मुळासकट उपटते, मग त्याला कितीही फळं लागलेली असोत.

मांडवाला बांबू घ्यायचा की लोखंडी अँगल, ते तुमच्याकडच्या वाऱ्यावर ठरेल. रानाचा फोटो टाका, मग सांगते.