ब्लॅकपूलला नक्की झालं काय?

प्रश्न: मुलगा मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा ब्लॅकपूल हे इंग्लंडमधलं समुद्रकाठचं सहलीचं गाव बघितलं. टॉवर एकदम झकास, पण मागच्या गल्ल्यांत अगदीच मरगळ वाटली, असं का हो?

उत्तर: काका, हे गाव वाढलं ते श्रीमंतांमुळे नव्हे, गिरणी कामगारांमुळे. १८४६ ला रेल्वे आली आणि पुढे आसपासच्या लँकेशायर परगण्यातल्या कापड गिरण्यांनी धंदा दिला. प्रत्येक गावातल्या गिरण्या ठरलेल्या आठवड्यात बंद, बॉयलरची दुरुस्ती, आणि तेवढ्यात सगळी आळीच्या आळी ट्रेननं ब्लॅकपूलला. शेजारी तेच, फक्त मागे समुद्र! उतरायचं बोर्डिंग हाऊसमध्ये, कित्येक जण किराणा स्वतःचा न्यायचे, मालकीण नुसतं शिजवून द्यायची आणि काहीजणी टेबलावरच्या मीठ-मिरीचेसुद्धा पैसे लावायच्या (हिशोबाला पक्क्या बायका!). टॉवर १८९४ चा, तो याच गर्दीच्या जिवावर.

मग गिरण्या बसल्या आणि साठ-सत्तरच्या दशकात स्पेनची पॅकेज टूर परवडायला लागली, तिथं ऊन हमखास, मग इथल्या वाऱ्यात कोण कुडकुडणार. रिकाम्या बोर्डिंग हाऊसच्या खोल्या स्वस्त भाड्यानं गेल्या, बाहेरनं गरीब, आजारी माणसं येऊन राहिली, तुम्ही बघितल्या त्या गल्ल्या ह्याच. मोठ्या कॅसिनोची आशा होती तीही २००७ मध्ये गेली. माझ्या मते कॅसिनोनं तरी काय भलं झालं असतं म्हणा.

२०१० ला तिथल्या कौन्सिलनं, म्हणजे नगरपालिकेनं, टॉवर विकत घेतला. गर्दी अजून होते, पुढच्या वेळी ऑक्टोबरात जा, किनाऱ्यावरची रोषणाई बघायला मिळेल, फक्त स्वेटर न्या.