"वहिनी, मालक आहेत का?"

प्रश्न : देवगडजवळ आमची हापूसची ६० कलमं आहेत. नवरा मुंबईला नोकरीला. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं सगळं मी बघते. तरी दलाल खळ्यातूनच विचारतो, "वहिनी, मालक आहेत का?" याचं वाईट वाटायचंच. पण परवा तो आला तेव्हा मीच बारावीतल्या लेकीला चहा टाकायला पाठवलं आणि नववीतल्या मुलाला हिशेबाची वही देऊन बाहेर बसवलं. वही लिहिते लेकच. ती काही बोलली नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीच पीककर्जाच्या टेबलावर. बागेसाठी कर्ज मागायला बाई आली की मी म्हणायचे, "मिस्टरांना घेऊन या." एकीने विचारलं, "शिंपणं माझं, मग ते कशाला?" मी म्हटलं, सातबारावर नाव लागतं. नियम खरा होता. पण तिचा सातबारा मी तोवर उघडलाही नव्हता. तिच्या नावाचाच होता तो. तिची माफी मागायची राहून गेली, ते अजून सलतं.

म्हणून आधी लेकीशी बोला. "चुकलं माझं," एवढं सरळ सांगा. पुढच्या वेळी वही तिच्या हातात द्या, दराचं बोलणंही तिला करू दे. चहा मुलगा करील. येत नसेल तर शिकवा.

दलालाला सांगा, "मालकीण मीच, बोला." पण नुसतं बोलून भागत नाही. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, कुणाच्या नावावर येते? आंबे पिकायला आढी तुम्ही लावता, डागी फळ तुम्ही बाजूला काढता आणि पट्टीवर नाव नवऱ्याचं, म्हणून तुमच्या कष्टाला घरात 'हातभार' म्हणतात. पट्टी तुमच्या नावाने करून घ्या, पैसे तुमच्या खात्यात. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तो स्वतः अर्ज करून सातबारावर तुमचं नाव सहधारक म्हणून लावू शकतो. तलाठ्याकडे विचारा.

आणि बाग वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात लेकीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. हे दोन्ही मुलांना एकत्र बसवून सांगा, नवरा शिमग्याला घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर.