डिजिटल चित्रकला शिकवणाऱ्या व्हिडिओत मागे संगीत टाकावं का?

तुम्ही म्हणताय की क्रिटावर, म्हणजे चित्रं काढायच्या त्या मोफत सॉफ्टवेअरवर, चित्रं शिकवणारे व्हिडिओ मराठीत सुरू करायचेत, पण स्वतःचा आवाज ऐकला की कसंतरीच होतं. मग नुसतं संगीत लावून भागेल का? भागेल. फक्त मग लोक तुमचं चित्र बघतील, शिकतीलच असं नाही.

मी समजावून सांगायच्या भागात संगीत अजिबात ठेवत नाही. शिकायला बसलेला माणूस व्हिडिओ सलग बघतच नाही. क्रिटातल्या 'इनहेरिट अल्फा' या सोयीचंच घ्या. खाली सपाट रंगाचा लेयर म्हणजे थर, वर सावलीचा, दोन्ही एका ग्रुपमध्ये, मग सावलीच्या लेयरवरचं अल्फाचं बारीक चिन्ह दाबायचं, की सावली रंगाच्या बाहेर सांडत नाही. एवढ्याशा कामात बघणारा तीनदा थांबतो, मागे जातो, स्वतः करून बघतो, पुन्हा मागे. प्रत्येक वेळी बासरीचा तोच तुटका तुकडा कानावर आला की वैताग येतो. त्यात बरेच जण दीडपट वेगाने बघतात. बोलणं त्या वेगातही कळतं, बासरीची मात्र रया जाते.

तरी मागे काहीतरी हवंच असेल तर पातळी बघा. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांच्या सर्वांत कडक पातळीत पार्श्वसंगीत बोलण्यापेक्षा किमान 20 डेसिबलने खाली असावं असं सांगितलंय. एडिटिंग करताना हे फारच हळू वाटतं, कारण तेव्हा कानाला हेडफोन असतो. एकदा फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका, म्हणजे पटेल.

संगीताची खरी जागा टाइमलॅप्समध्ये, म्हणजे वेगाने पळवलेल्या चित्रणात. क्रिटा 5 पासून त्यात रेकॉर्डर आलाय. तो फक्त कॅनव्हास टिपतो, त्याला आवाज नसतोच. व्हिडिओच्या शेवटी अख्खं चित्र मिनिटभरात उमलताना दाखवायचं असेल, तर तिथे खुशाल वाजवा.

काय वाजवायचं, इथे मात्र आपले लोक हमखास फसतात. गणपतीचं चित्र काढलं की मागे 'सुखकर्ता दुःखहर्ता' लावायचा मोह होणारच. आरती समर्थ रामदासांची, म्हणजे शब्द 17व्या शतकातले, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण तुम्ही लावता ते कुठल्यातरी कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग असतं, आणि भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. यूट्यूबची कंटेंट आयडी ही हक्काचं संगीत आपोआप शोधणारी यंत्रणा ते ओळखते. बहुतेकदा दावा लागतो आणि जाहिरातींचे पैसे हक्कदाराकडे वळतात. कधी व्हिडिओ अडवलाही जातो. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाबद्दल चॅनेलवर लागणारा ठपका, हे वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण. 'गाण्याचे हक्क माझे नाहीत' असं खाली लिहून काही उपयोग होत नाही, उलट ती कबुलीच झाली! शॉर्ट्ससाठी मिळणारी गाणी लांब व्हिडिओत चालतील असंही धरून चालू नका. यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या, आणि श्रेय द्यायची अट आहे का तेवढं बघा. घरी कुणी पेटी वाजवत असेल तर आरती त्यांच्याकडूनच वाजवून घ्या, जुन्या चालीत.

आता आवाजाची लाज. रेकॉर्डिंगमधला आपला आवाज सगळ्यांनाच परका वाटतो, ऐकणाऱ्याला तसं काही वाटत नसतं. चित्र काढता काढता बोलायची सक्तीही नाही. आधी शांतपणे स्क्रीन रेकॉर्ड करा, मग तो व्हिडिओ समोर चालवत ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बोला, शेजारी कुणीतरी चित्र बघत बसलंय असं समजून. पंखा बंद, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसा, घुमणं बरंच कमी होतं. कुकरच्या शिट्टीची वेळ तेवढी टाळा.

इतकं करूनही बोलवत नसेल, तर प्रत्येक पायरी स्क्रीनवर ठळक मराठी अक्षरांत लिहा आणि ती वाचून होईपर्यंत राहू द्या. मग मागे हळू संगीत असलं तरी कुणाचं बिघडत नाही. आणि स्क्रीन ओबीएस या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करत असाल तर 'डेस्कटॉप ऑडिओ' आधी म्यूट करा. नाहीतर काम करताना तुम्ही ऐकत असलेलं गाणं आणि व्हॉट्सॲपची टिंगटिंग दोन्ही व्हिडिओत जातात, आणि मागाहून ती वेगळी काढणं फार कटकटीचं असतं.