मुंबईत रोजच्या वापरासाठी इलेक्ट्रिक कार खरंच परवडते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कांदिवली, ऑफिस ऐरोलीला, बजेट १२ लाखांच्या आत, सोसायटी जुनी, गाव चिपळूणजवळ. अशा माणसाने थेट इलेक्ट्रिक घ्यावी का? मी मुलुंडला राहतो आणि रोज इलेक्ट्रिक गाडीच चालवतो. कुठल्या कंपनीची घ्यावी हे मात्र सांगणार नाही, त्यासाठी यूट्यूबवर माणसं बसलेली आहेत.

शोरूममध्ये जायच्या आधी एक काम करा. सोसायटीच्या मीटर केबिनपासून तुमच्या पार्किंगपर्यंत चालत जा आणि वायर कुठून आणता येईल ते बघा. बाकी सगळा हिशेब त्यानंतरचा. स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, भिंतीलगत जागा असेल तर नशीबवान आहात. कंपाउंडमध्ये उघड्यावर असेल तर पावसाचा विचार करून सॉकेटला पेटी बसवावी लागेल, पण जमतं. वर-खाली सरकणारं मेकॅनिकल पार्किंग असेल तर कठीण आहे, कारण हलत्या पाळण्यावर वायर न्यायची कशी, याला कोणी सहजासहजी हात लावत नाही. आणि गाडी रस्त्यावर किंवा पे अँड पार्कमध्ये उभी राहणार असेल तर पुढचं वाचून सीएनजी घ्या.

असं का म्हणतो ते आकड्यांत सांगतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून छोट्या-मध्यम इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट धरा. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज यातच आली. घरच्या मीटरवर युनिटला १२ रुपये पडले तर किलोमीटरला १ रुपया ८० पैसे होतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटी धरून २२ रुपये पडले तर तोच किलोमीटर ३ रुपये ३० पैशांना जातो. आता पेट्रोल ऑटोमॅटिक बघा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या रांगेत ती लिटरला ११ किलोमीटर देते, पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे धरलं तर किलोमीटरला ९ रुपये ४० पैसे. सीएनजी किलोला ८० रुपयांच्या आसपास धरा आणि गाडी २० किलोमीटर देते, म्हणजे ४ रुपये.

शोरूममधला माणूस तुम्हाला नेहमी पेट्रोलशी तुलना करून दाखवेल. मुंबईत इलेक्ट्रिकची खरी स्पर्धा सीएनजीशी आहे. घरी प्लग असेल तर इलेक्ट्रिक सीएनजीच्या निम्म्याहून कमी खर्चात चालते. घरी प्लग नसेल तर किलोमीटरमागे वाचतात फक्त ७० पैसे, आणि त्या ७० पैशांसाठी आठवड्यातून दोनदा मॉलच्या तळघरात बसून राहायचं.

तुमच्या वाटेवर लावून बघू. कांदिवली ते ऐरोली जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले आणि महिन्याला २२ दिवस, तर १,३०० किलोमीटर होतात, वर्षाला साडेपंधरा हजार. सीएनजीपेक्षा गाडी ऑन रोड अडीच लाखांनी महाग पडली असं धरा. घरच्या चार्जिंगवर वर्षाला ३४ हजारांच्या आसपास वाचतील, म्हणजे फरक भरून निघायला सात वर्षं. किमतीतला फरक तेवढाच धरून पेट्रोल ऑटोमॅटिकशी तुलना केली तर वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास वाचतात आणि दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. तेव्हा मनातली दुसरी गाडी कोणती, हे आधी स्वतःशी ठरवा. तुम्हाला क्लच दाबायचा कंटाळा आहे म्हणून ऑटोमॅटिकच हवी असेल, तर इलेक्ट्रिकची बाजू एकदम भक्कम होते. मॅन्युअल सीएनजी चालत असेल तर केवळ पैशांसाठी इलेक्ट्रिक घेऊ नका.

किमतीतला फरक मधल्या काळात थोडा बदललाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच होता. म्हणजे पेट्रोल-सीएनजी गाड्या स्वस्त झाल्या आणि इलेक्ट्रिक होती तिथेच राहिली. उलट बाजूला, महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला आरटीओचा वाहन कर माफ आहे. १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के लागतो, सीएनजीला ८. म्हणून एक्स-शोरूम किमती शेजारी ठेवून घाबरू नका, ऑन रोडचं कोटेशनच मागा. त्यात इन्शुरन्स नीट बघा. इलेक्ट्रिकची मूळ किंमत जास्त, त्यामुळे हप्ताही जास्त. आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, घ्याच, मुंबईत ते काटकसरीचं ठिकाण नव्हे. कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची सूट मिळते असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. ते आयकराचं ८०ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं.

टोलबद्दलही बरंच बोललं जातं. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे. तुमच्या रोजच्या वाटेवर यातलं काहीच नाही. ऐरोलीचा नाका तर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच कारना माफ आहे, धूर सोडणाऱ्यांनाही.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना तुम्हाला नक्की ऐकवतील. गाडीची किंमत एकदम खाली दिसते. एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी २०२४ मध्ये आली तेव्हा या पद्धतीने ९ लाख ९९ हजारांत होती आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. त्यात घरच्या विजेचे १ रुपया ८० पैसे मिळवा. ५ रुपये ३० पैसे झाले, म्हणजे सीएनजीच्या वर. गाडी कमी फिरवणाऱ्याला हे फायद्याचं वाटेल, पण करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची अट आहे का ते आधी वाचा. तुमच्यासारख्या १,३०० किलोमीटरवाल्याने या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आता सोसायटी. इथे पैशांपेक्षा धीर जास्त खर्च होतो. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चार्जिंगला वेगळा परवाना लागत नाही. तुमच्या आहे त्या मीटरवरून घ्या किंवा वेगळं मीटर मागा. पण कमिटीसमोर कायदा वाचून दाखवलात की विषय तिथेच अडतो. आमच्याकडे पहिला आक्षेप आगीचा आला. जून २०२२ मध्ये वसईत एका इलेक्ट्रिक कारने पेट घेतला होता, तो व्हिडिओ अजूनही ग्रुपवर फिरतो. दुसरा आक्षेप, सगळ्यांनी मागितलं तर लोड कुठून आणायचा. हा आक्षेप रास्त आहे, त्याला हसू नका. जुन्या बिल्डिंगची मुख्य केबल तेव्हाच्या पंख्या-फ्रिजच्या हिशेबाने टाकलेली असते.

म्हणून अर्ज देताना सोबत लायसनधारी इलेक्ट्रिशियनचा कागद जोडा: केबल कुठून जाईल, एमसीबी-आरसीसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारे स्विच) कुठली, अर्थिंग कसं, खर्च सगळा तुमचा. आणि ७.२ किलोवॉटच्या वॉल बॉक्सचा, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चार्जरचा, हट्ट सोडा. तुमच्या ६० किलोमीटरला रोज ९ युनिट लागतात. साधा १५ अँपिअरचा सॉकेट तेवढी वीज तीन-चार तासांत देतो, गाडी तर रात्रभर उभी आहे. तो लोड एखाद्या गिझरएवढा आहे, हे सांगितलं की अर्धी कमिटी शांत होते. तुमच्याबरोबर आणखी दोन-तीन सभासद गोळा झाले तर विषय वार्षिक सभेत घ्या. एकट्याचा अर्ज पडून राहतो.

मीटर वेगळं घ्यावं का? शक्य असेल तर घ्याच. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते आणि तुमच्या गाडीचे महिन्याला २०० युनिट घरच्या बिलावर चढले की ते वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. मे महिन्यात दोन एसी चालू असताना बिल बघून डोळे पांढरे होतात. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे, त्यात ही चढण नसते. कांदिवलीत तुमची वीज अदानीची असेल किंवा टाटांची, आमच्याकडे महावितरण. अर्ज ज्याच्या-त्याच्याकडे. पण आधी मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून बघा, मी धरलेले १२ रुपये तुम्हाला लागू आहेत का ते कळेल.

रोजच्या चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तक्रारच नाही. गर्दीत गाडी थांबली की इंजिन उगाच जळत नाही. एसीला तासाला एखाद-दीड युनिट लागतं, त्यामुळे पवईला दीड तास अडकलात तरी घरी पोचाल. सर्व्हिसिंगला ऑइल नाही, टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड असते. गाडी अचानक मेली तर बहुतेक वेळा दोष मोठ्या बॅटरीचा नसतो, आतल्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. ती वेळेवर बदला.

पाऊस म्हणाल तर बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. इंजिनात पाणी ओढलं जाण्याची भीतीही नाही. तरी अंधेरी सबवेत पाणी दिसलं की गाडी वळवा. चाचणी स्वच्छ पाण्यात होते, आपल्याकडच्या पाण्यात काय काय असतं ते तुम्ही जाणता. सीएनजीवाल्यांनाही आपली संकटं आहेतच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गॅसवाहिनीचं नुकसान झालं आणि पंपांवर नुसत्या रांगा लागल्या.

राहिलं चिपळूण. कंपनी सांगते ती रेंज चाचणीतली असते. त्यातले दोन तृतीयांश आपले समजा. १२ लाखांच्या आतल्या गाडीत चार माणसं, सामान आणि एसी घेऊन २०० किलोमीटरच्या आसपास मिळतात आणि अंतर अडीचशेच्या पुढे, म्हणजे वाटेत एक थांबा नक्की. माणगाव-महाडच्या पट्ट्यात जेवायला थांबून चार्ज करा. निघायच्या आदल्या रात्री दोन-तीन कंपन्यांची ॲप उघडून वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा, कारण चार्जर आहे पण बंद आहे, हे तिथे पोचल्यावर कळण्यात मजा नाही. एरवीच्या दिवसांत हे सहज जमतं. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत नाही. एका मशीनवर तुमच्यापुढे तीन गाड्या असतील तर प्रत्येकी पाऊण तास धरा आणि पोरांना कबूल केलेली वेळ विसरा. मी त्या दिवसांत मध्यरात्री निघतो किंवा सरळ रेल्वेचं तिकीट काढतो.

गावाला पोचल्यावर घरच्या सॉकेटला चार्जर लावाल तर बऱ्याचदा लाल दिवा लागेल. गाडी ठीक असते, घराला अर्थिंग नसतं. पुढच्या खेपेला वायरमनकडून मीठ-कोळसा घालून नवा खड्डा करून घ्या. घरातल्या फ्रिजलाही बरं.

एक पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या बजेटात तोच मला जास्त पटतो: दोन-तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक. सेकंड हँड बाजारात या गाड्यांची किंमत झपाट्याने उतरते. विकणाऱ्याचं ते दुखणं, घेणाऱ्याची सोय. बॅटरीवर साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढायला लावा आणि गाडी आधीच्या मालकाने टॅक्सीसारखी पिळलेली नाही ना, ते सर्व्हिसच्या नोंदींत बघा. अशी गाडी घेऊन किमतीतला फरक लाख-सव्वा लाखावर आला तर सीएनजीच्या तुलनेतही तीन-साडेतीन वर्षांत हिशेब जुळतो. पण कमिटीचं पत्र हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.