नववीचं प्रगतिपुस्तक कुठे आहे?

"ताई, पोराचं वर्ष गेलं," एवढंच म्हणून त्या बाई थांबल्या. हातात कात्री, समोर मखरासाठी अर्धवट कापलेला पुठ्ठा. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. मंडळाच्या गणपतीची सजावट करायला आम्ही दहा-बारा जणी हॉलमध्ये जमलो होतो. मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये कौन्सिलर, म्हणजे मुलांना विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणारी, आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

नवऱ्याची बदली झाली म्हणून जुलैत सगळं घर पुण्याहून इकडे आलं. मुलगा महाराष्ट्र बोर्डाची दहावी ९१ टक्क्यांनी पास झालेला. त्याला अकरावीत घालायला नेलं, तर शाळेने नाव दहावीत घातलं. "पुन्हा दहावी! आपल्या बोर्डाला इथे काही किंमतच नाही का हो?"

दर ऑगस्टमध्ये हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं, कधी पुण्याचं, कधी नाशिकचं, कधी बंगळुरूहून आलेलं मराठी कुटुंब. म्हणून ही हकीकत घरच्यांना विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मी त्यांना विचारलं, "नववीचं प्रगतिपुस्तक दिलंत का शाळेत?"

"नववीचं? ते कशाला? बोर्डाचं दहावीचं दिलं की."

खरी अडचण तिथेच होती. आपल्याकडे नववी ही दहावीची पायरी. एकदा बोर्डाचा निकाल हातात आला की नववीचे गुण कुणी विचारत नाही, ते प्रगतिपुस्तक माळ्यावर जातं. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षं, आणि डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचं प्रमाणपत्र, मिळतो तो चारही वर्षांत साठवलेल्या क्रेडिट्सवर. न्यू जर्सी राज्याची किमान अट १२० क्रेडिट्सची आहे. आठवड्यातून एक तासिका याप्रमाणे वर्षभर चालणाऱ्या वर्गाचं एक क्रेडिट, म्हणून रोज एक तासिका वर्षभर चालणारा विषय पाच क्रेडिट्सचा. शाळेच्या हातात एकाच वर्षाचा कागद होता. त्यांनी एकाच वर्षाची क्रेडिट्स मोजली आणि मुलाला दहावीत टाकलं. बोर्डाचा अपमान करावा असं त्यात कुणाच्या मनात नव्हतं. पण आणखी कागद आणा, असंही त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि हे मला आजही खटकतं.

पुढच्या रविवारी तिघे माझ्या घरी आले. वडील फाईल घेऊन, आई डब्यात चकल्या घेऊन, आणि मुलगा कानातले इअरफोन काढून खिशात ठेवत. दोन तास तो जवळजवळ काही बोलला नाही.

मी राज्याच्या अटींचा तक्ता पुढे ठेवला. इंग्रजी २० क्रेडिट्स, म्हणजे चार वर्षं. गणित १५, त्यात अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री हवीच. विज्ञान १५, सगळं प्रयोगांसह, त्यात जीवशास्त्र हवंच. सामाजिक शास्त्रं १५, त्यात एक वर्ष जगाचा इतिहास आणि दोन वर्षं अमेरिकेचा. कला ५, परकीय भाषा ५, करिअर-तंत्रशिक्षण ५. पैशाच्या व्यवहाराची ओळख करून देणारा अर्ध्या वर्षाचा विषय, अडीच क्रेडिट्सचा. शिवाय जितकी वर्षं शाळेत तितकी वर्षं आरोग्य आणि शारीरिक शिक्षण.

वडिलांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "गणित-विज्ञान ठीक आहे. पण पीटी आणि चित्रकलेवाचून डिप्लोमा अडतो?"

अडतो. आपल्याकडे दहावीनंतर एकदाच शाखा निवडायची. सायन्स घेतलं की इतिहास सुटला आणि कला तर कधीच सुटलेली. इथे शाखा नाही. बारावीच्या मुलाला कॅल्क्युलस उत्तम येत असेल, पण कलेचे पाच क्रेडिट्स राहिले असतील, तर जूनमध्ये त्याला डिप्लोमाच्या समारंभाचा गाऊन घालता येत नाही. माझ्या शाळेत दरवर्षी एक-दोन हुशार मुलं बारावीच्या जानेवारीत अशी सापडतात. त्यांच्या आईबापांनी हौशीने एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय वाढवलेले असतात आणि जिम किंवा आर्ट 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक घराला आधी बारावीचा जून डोळ्यांपुढे आणायला सांगते आणि तिथून मागे मोजायला लावते.

मग आम्ही त्याच्या दोन वर्षांचा हिशेब मांडायला बसलो, आणि महाराष्ट्र बोर्डाचे विषय इतके नीट जुळत गेले की आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

गणितापासून सुरुवात केली. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'गणित, १०० पैकी' एवढंच असतं. इथला कौन्सिलर ते वाचतो तेव्हा त्याला त्यात भूमिती दिसत नाही. पण आपल्याकडे गणिताचे दोन भाग आणि दोन पेपर असतात, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. नववी आणि दहावीच्या दोन्ही भागांच्या अनुक्रमणिका उतरवून घ्या, सोबत जोडा, असं मी सांगितलं. मुलगा सेमी-इंग्रजीचा होता, त्यामुळे त्या इंग्रजीतच मिळाल्या. शाळेला भाषांतराचीही गरज पडली नाही. एका कागदी पुराव्यावर अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री दोन्ही झाले.

मराठी आणि हिंदीमुळे परकीय भाषेची अट पहिल्याच फटक्यात सुटली. आई तर मुलाला घाईघाईने स्पॅनिश लावायला निघाल्या होत्या. इतिहासाचं मला नेहमी हसू येतं आणि बरंही वाटतं. आपण शिकतो तो भारताचा इतिहास, आणि इथल्या खुर्चीतून पाहिलं तर भारत म्हणजे जगच! बऱ्याच शाळा तो जगाच्या इतिहासात धरतात, आणि यांच्याही शाळेने धरला. अमेरिकेच्या इतिहासाची दोन वर्षं मात्र कुणालाच चुकत नाहीत.

विज्ञानाचं अडलं. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या एकाच विषयात भौतिक, रसायन, जीव असं सगळं मिसळलेलं. शाळेने विचारलं, प्रयोग केले होते का? आईला एकदम प्रयोगवही आठवली, पुण्यात काकांकडे ठेवलेल्या खोक्यात. काकांनी नववीच्या प्रगतिपुस्तकाची सत्यप्रत काढण्यासाठी शाळेच्या ऑफिसात दोन खेटे घातले आणि जाता जाता प्रयोगवहीचे फोटोही पाठवले. शिक्षकांच्या लाल सह्या, तारखा, लिटमस कागदाची आकृती, सगळं. त्यावर विज्ञानाचे दहा क्रेडिट्स मिळाले. जीवशास्त्राचा स्वतंत्र वर्ग मात्र करावाच लागेल असं सांगण्यात आलं, आणि ते योग्यच होतं.

घरी ज्याची कुणी दखलही घेतली नव्हती तो 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा श्रेणीचा विषयही मी यादीत घालायला लावला. शाळेने त्याचे अडीच क्रेडिट्स दिले. अर्धी कला तिथेच आटोपली.

सगळं धरून त्या शाळेने दोन वर्षांचे ६० क्रेडिट्स मान्य केले. ९१ टक्के मात्र ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे इथल्या शाळेच्या गुणपत्रकावर, उतरले नाहीत. परदेशातल्या प्रत्येक विषयापुढे नुसतं 'पी', म्हणजे पास. वडिलांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. "याने रात्र रात्र अभ्यास केलाय हो," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की कॉलेजांना अर्ज करताना बोर्डाची मूळ गुणपत्रिका सोबत जाते, ती वाया जाणार नाही. तरी त्यांचं दुखणं खरं होतं आणि ते मला एका वाक्यात पुसता आलं नाही.

आता दहावी की अकरावी हे ठरवणं घराच्या हातात आलं. माझं मत मी लपवलं नाही. मी दहावीच्या बाजूने होते. मुलाला इंजिनीअरिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रीकॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि फिजिक्स तिन्ही लागतात. अकरावीत बसला तर उरतात दोनच वर्षं. अल्जिब्रा टू आणि बायॉलॉजी अकरावीत, मग बारावीत प्रीकॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स एकदम, शिवाय अमेरिकेचा इतिहास दोन्ही वर्षं. अकरावीच्या वसंतात डिप्लोमासाठीची राज्याची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा. कॉलेजचे अर्ज बारावीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातात, तेव्हा हाती इथले एकाच वर्षाचे गुण असणार आणि शिफारसपत्र लिहिणारे शिक्षक त्याला जेमतेम वर्षभर ओळखत असणार. कागदावर बसत होतं, पण श्वास घ्यायला जागा नव्हती. वयाची अडचण नव्हतीच. न्यू जर्सीत विसाव्या वर्षापर्यंत पब्लिक शाळेत फुकट शिकता येतं.

वडील म्हणाले, "मॅडम, एक वर्ष म्हणजे एक वर्ष." आई गप्प. मी कोरा तक्ता आणि पेन्सिल मुलापुढे सरकवली. म्हटलं, "तू भर. दोन वर्षांचा एक आणि तीन वर्षांचा एक."

त्याने अर्धा तास लावला. तीन वर्षांचा तक्ता मोकळा दिसत होता, त्यात रोबोटिक्स होतं, बारावीत एपी फिजिक्स होतं. दोन वर्षांचा ठासून भरलेला. तो त्याने पुढे केला.

"हा?"

"हो मॅडम."

"का रे?"

त्याने आधी आईकडे पाहिलं. "माझे सगळे मित्र अकरावीला गेलेत. ते बारावीला जातील तेव्हा मी पण बारावीला पाहिजे."

माझ्या सगळ्या हिशेबात ही गोष्ट कुठेच नव्हती. सोळाव्या वर्षी मुलाने शाळा सोडली, शहर सोडलं, रोजची बसची सोबत सोडली. मित्रांच्या बरोबरीने वर्ष चढणं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. मी पुन्हा दहावीचा आग्रह धरला नाही. एकच अट घातली: पहिल्या मार्किंग पीरियडचे, म्हणजे पहिल्या सत्राचे, गुण नोव्हेंबरात आले की आपण चौघे परत बसायचं.

नोव्हेंबरात इतिहासात डी आला. गणितात ए. इतिहासाची पुस्तकं जाड आणि प्रश्न 'तुझं मत पुराव्यासह मांड' असे. उत्तर पाठ करून भागत नव्हतं. वडील गणिताच्या ए वर खूश होते, मी इतिहासाच्या डी कडे बघत होते, कारण त्या विषयात नापास झाला तर तो पुन्हा करायला दुसरं वर्षच उरत नव्हतं. मी त्याला इतिहासाच्या शिक्षकांकडे जेवणाच्या सुट्टीत जायला सांगितलं. आपल्या मुलांना शिक्षकांपुढे जाऊन 'मला कळलं नाही' म्हणायचा फार संकोच वाटतो. पहिले दोन आठवडे तो वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत येत असे, हे त्याने मला नंतर सांगितलं. जूनमध्ये बी मायनस झाला. कलेचा उरलेला अर्धा हिस्सा त्याने कुंभारकामाच्या वर्गात भरून काढला, आणि त्याने केलेली वाकडी वाटी आता त्यांच्या देवघरात अक्षतांसाठी आहे.

डिप्लोमा वेळेवर मिळाला. बारावीच्या शेवटी त्याने मराठीची परीक्षा देऊन ट्रान्सक्रिप्टवर सील ऑफ बायलिटरसीही मिळवलं. दोन भाषांमधल्या प्रावीण्याची ही मोहोर न्यू जर्सीत २०१६ पासून देतात. इंजिनीअरिंगला थेट प्रवेश मात्र त्याला हव्या त्या ठिकाणी मिळाला नाही. एका वर्षाच्या गुणांवर अर्ज गेला होता, आणि मला भीती होती तसंच झालं. तो काउंटी कॉलेजात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात, गेला. तिथली दोन वर्षांची पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. ती क्रेडिट्स पुढे धरली जावीत असा २००७ चा कायदाच आहे. वडिलांना सुरुवातीला हे सांगताना अवघड जायचं. लोक विचारत, कुठे मिळालं? ते फक्त काउंटीचं नाव सांगून गप्प बसत. आता पूर्ण सांगतात.

दहावीत बसला असता तर बरं झालं असतं का, असं आईने मला मागच्या दिवाळीत विचारलं. प्रवेशाच्या दृष्टीने, हो, असं मला वाटतं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. पण पहिल्या हिवाळ्यात तो मुलगा शाळेत जाऊ शकला, याचं मोठं कारण तो अकरावीत होता हे होतं, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आमची मावसबहीण येतेय जूनमध्ये, नाशिकहून. मुलगी दहावीत आहे." मी काही बोलायच्या आधीच त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोर मेसेज लिहिला: नववीचं प्रगतिपुस्तक शाळेच्या शिक्क्यासह घे, दोन प्रती. प्रयोगवही टाकू नकोस. पुस्तकांच्या अनुक्रमणिका. आणि पोरीला विचार, तिला कुठल्या वर्गात बसायचंय.