गोळ्या सोडू नकोस, सकाळचा हट्ट सोड

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४१. दीड वर्षापासून डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत. रडणं थांबलं, पण वजन नऊ किलोंनी वाढलं. उपाशीपोटीची साखर ११२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१. डॉक्टर म्हणाले, लाइफस्टाइल बदला. सासूबाई म्हणतात, हातपाय हलवत नाही म्हणून हे सगळं. ती विचारते, ‘मावशी, गोळ्याच बंद करू का?’

पोरी,

गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस. एकदम सोडल्या तर गरगरतं, जीव घाबरतो, झोप उडते आणि गेलेलं दुखणं उलटू शकतं. काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, हे मात्र खरं. पुढच्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाशील तेव्हा हे रिपोर्ट समोर ठेव आणि स्पष्ट विचार, वजन न वाढवणारी दुसरी गोळी मला चालेल का? पुष्कळदा पर्याय असतो.

सगळा दोष गोळीचाही नाही. या आजारात झोपेचं गणित बिघडतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहू शकतं, पोटावर चरबी साठते, शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. तुझे आकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आहेत, पण उंबरठ्याच्या अलीकडचे. आळशीपणाचं नाव याला कोणी देऊ नये. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखव.

तू लिहितेस, ‘सकाळी बूट घालते, लेस बांधते आणि पलंगावर तशीच बसून राहते. नऊ वाजतात.’ हे वाचून माझ्या पोटात कालवलं. रोज अंबाझरी तलावावर तासभर फिरून ये म्हणणाऱ्यांना ही लेस दिसत नाही. डिप्रेशनमध्ये अनेकांची सकाळच सर्वांत जड असते. मग सकाळ सोडून दे ना! रात्रीचं जेवण झालं की दहा मिनिटं गल्लीतच चाल, यजमानांना सोबत घे. जेवणानंतर पाय चालले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, काट्यावर एक किलो हलायच्या आधीच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात साखर वाढू लागलेल्या लोकांनी चालणं आणि खाणं सुधारलं. तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. ते डिप्रेशनचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, पण स्नायू तुझेही तेच काम करतात. म्हणून रोज काट्यावर उभी राहू नकोस. महिन्यातून एकदा कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावी. एचबीए१सी तीन महिन्यांनी परत कर.

खाण्यात मोठी क्रांती नको. तर्री-पोहे आवडतात ना? चणे जास्त घे, पोहे कमी, वरचा तवंग काढून टाक. रात्री भात थोडा, वरण आणि पालेभाजी भरपूर, ज्वारीची भाकर जमली तर उत्तमच. रात्री दोनला चहा-टोस्ट होतात म्हणालीस, त्यावर मी रागावणार नाही. ती भूक झोपेच्या बिघाडातून येऊ शकते. उठायची वेळ रोज एकच ठेव आणि झोपेबद्दलही डॉक्टरांना सांग.

एखाद्या रात्री जगणंच नकोसं वाटलं तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आज जेवण झालं की चपला घाल. भांडी तशीच राहू दे.

— तुझी मावशी