कस्टमर केअरवाले म्हणतात ‘कुकीज आणि कॅशे क्लिअर करा’. तसं केल्यावर माझे पासवर्ड आणि फोटो उडतील का?

फोटो उडत नाहीत. सेव्ह केलेले पासवर्डही उडत नाहीत, फक्त पुसायच्या यादीत ‘पासवर्ड’ असं वेगळं दिसलं तर त्यावर टिक करू नका. जातं ते लॉगिन. ज्या ज्या साइटवर तुम्ही आत आहात, त्या जवळजवळ सगळ्यांतून बाहेर फेकले जाता. मग परत पासवर्ड, परत ओटीपी. तुमची अडचण एकाच साइटची आहे: फॉर्मचं ‘सबमिट’ बटण दाबलं की काहीच होत नाही आणि मध्येच लॉगिनचं पान परत येतं. मग अख्खा ब्राउझर कशाला धुवायचा? त्या एका साइटपुरतं साफ करा.

कुकीज आणि कॅशे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या दोन तक्रारींची मुळंही वेगळी असू शकतात.

आधी कुकी. ब्राउझर साइटकडे जी प्रत्येक मागणी पाठवतो ती एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांच्या) लेखी नवी कोरी असते. क्षणापूर्वी कोण आलं होतं हे सर्व्हरला, म्हणजे साइटच्या संगणकाला, त्यातून कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी यावर तोडगा काढला, तीच कुकी: साइटनं तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटीशी नोंद. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसं हे काम आहे. बिल्ल्यावर नुसता नंबर, चपला त्यांच्याकडे. लॉगिनच्या कुकीतही बहुतेकदा एक लांबलचक क्रमांकच असतो. तुमचा जमा झालेला अर्ज, जोडलेली कागदपत्रं साइटच्या सर्व्हरवर असतात. बिल्ला हरवला तरी चपला जागेवर राहतात, ओळख तेवढी पुन्हा पटवावी लागते. म्हणून कुकी पुसल्यानं अर्ज रद्द होईल ही भीती काढून टाका. मात्र अर्धवट भरलेला, ‘सेव्ह’ न केलेला फॉर्म जाऊ शकतो.

जुनी, सर्व्हरवर बाद झालेली किंवा बिघडलेली कुकी ब्राउझर इमानदारीनं पाठवत राहिला की साइट तुम्हाला पुन्हापुन्हा लॉगिनच्या पानावर ढकलते. कधी पान इकडून तिकडे फिरतच राहतं आणि शेवटी क्रोम ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असं सांगून कुकीज काढून पाहायला सुचवतो. तुमचा लॉगिनचा घोळ बहुधा या जातीचा.

बटणाचा घोळ मात्र कॅशेचा असण्याची शक्यता जास्त. साइटवरची चित्रं, रंगरूप ठरवणाऱ्या फाइली आणि बटणांमागचा जावास्क्रिप्टचा कोड ब्राउझर तुमच्याच डिस्कवर ठेवून घेतो (हा साठा म्हणजेच कॅशे), म्हणजे पुढच्या वेळी पान झटकन उघडतं आणि डेटाही वाचतो. फाइल किती दिवस ठेवायची हे साइट स्वतः सांगते. ‘वर्षभर ठेव’ म्हटलं असेल तर ब्राउझर तोवर पुन्हा विचारत नाही. जाणते प्रोग्रामर कोड बदलला की फाइलचं नावही बदलतात, त्यामुळे ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते. जिथे हे केलं जात नाही तिथे पान नवं येतं, कोड जुनाच चालतो आणि बटण मुकं होतं. हा दोष साइट चालवणाऱ्यांचा आहे. शेवटच्या तारखेला फॉर्म भरणाऱ्या विद्यार्थ्यानं किंवा हयातीचा दाखला देणाऱ्या आजोबांनी त्यासाठी फोनवर ताटकळावं आणि स्वतःलाच अडाणी समजावं, याचा मला मनापासून राग येतो.

आता करायचं काय?

काहीही पुसण्याआधी ती साइट इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडोत उघडा (क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन). तिथे जुन्या कुकीज नसतात आणि जुना कॅशेही वापरला जात नाही. तिथेही तसंच होत असेल तर बिघाड बहुधा साइटकडेच आहे. तुम्ही कितीही साफसफाई केलीत तरी उपयोग नाही, थोड्या वेळानं पाहा. तिथे चाललं, तर अडचण तुमच्या ब्राउझरमध्ये आहे. तरी एक ध्यानात घ्या: इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. म्हणजे गुन्हेगार जाहिराती अडवणारा एखादा अ‍ॅड-ब्लॉकरही असू शकतो, तो बंद करून बघा.

मग नेहमीच्या विंडोत, त्याच पानावर कंट्रोल, शिफ्ट, आर दाबा. यानं पान आणि त्याच्या फाइली नव्यानं येतात, लॉगिनला धक्का लागत नाही. बटणाचं दुखणं पुष्कळदा इथेच बरं होतं.

नाहीच झालं तर क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर क्लिक करा, ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जा आणि तिथून त्या साइटचा डेटा काढा. फायरफॉक्समध्येही पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘क्लिअर कुकीज अँड साइट डेटा’ मिळतं. सगळं पुसायची खिडकी (कंट्रोल, शिफ्ट, डिलीट) हा शेवटचा उपाय. ती वापरलीत तर ‘ब्राउझिंग हिस्टरी’वरची टिक काढा; सिंक (एकाच खात्यावरून सगळ्या उपकरणांवर तोच डेटा ठेवणं) चालू असेल तर हिस्टरी दुसऱ्या उपकरणांवरूनही जाते. आणि कुकीज गेल्या की व्हॉट्सअ‍ॅप वेब पुन्हा जोडावं लागेल, बँकेची साइट तुमचा संगणक नवा समजून जास्तीची पडताळणी मागू शकेल, याची तयारी ठेवा.

मोबाइलवर मात्र खरंच जपा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या ‘स्टोरेज’खाली दोन बटणं शेजारीशेजारी असतात. ‘क्लिअर कॅशे’ निरुपद्रवी आहे. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे अ‍ॅप नुकतंच टाकल्यासारखं कोरं करणं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दाबलं आणि बॅकअप नसेल तर चॅट गेले. ‘माझं सगळं उडालं’ असं जे लोक सांगतात त्यांच्या बाबतीत मला बहुतेक वेळा हेच दिसलंय. घरातल्या मोठ्यांना फोनवरून सांगताना ‘क्लिअर’ एवढंच म्हणू नका, पूर्ण नाव वाचून घ्या.

रोज कॅशे पुसायची सवय काहींना असते. फोन त्यानं वेगवान होत नाही. उलट तीच चित्रं परत उतरवण्यात डेटा जातो.

सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर माझं मत नेमकं उलटं आहे: तिथे काही ठेवू नका. आधी साइटवरून ‘लॉगआउट’ करा, कारण नीट बनवलेल्या साइटवर त्यानं कुकीतला तो क्रमांक सर्व्हरवरही बाद होतो. काम सुरुवातीपासून इन्कॉग्निटोत केलंत तर उत्तम. शेवटी इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करा. आणि डाउनलोड केलेली आधारची किंवा मार्कशीटची पीडीएफ यातल्या कशानंही जात नाही. ती ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून स्वतः काढा आणि रीसायकल बिनही रिकामा करा.